दारातला बीम

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यातली निम्मी ओरडण्यात गेली. रिटायर झालो, ओरडायला वर्ग उरला न्हाई, मंग ते सगळं घरात होऊन राह्यलं. त्यामुळं त्या सकाळी पुण्याहून सूनबाईचा फोन आला आणि ती म्हणाली, "बाबा, तुमच्या दारात बीम नाहीये," तेव्हा माझं काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

"काय बोलून राह्यली तू?" मी म्हणलं. "या घराला अकरा बीम आहेत. अकरा! एकेक मी स्वतः उभं राहून भरून घेतलाय. सळई मोजून घेतली, रिंगा मोजून घेतल्या. आणि तू पुण्यात बसून सांगती, दारात बीम न्हाई?"

ती काहीतरी म्हणत होती, पण जालन्यात, आमच्या मस्तगडातल्या गल्लीत फोनला रेंज असती कुठं? "दार... बाबा... डाव्या बाजूचं..." एवढंच ऐकू आलं आणि फोन कटला.

आमच्या घराला डाव्या बाजूला एकच दार आहे, बोळीत उघडणारं. मी हातोडी घेतली आणि दारावरच्या गिलाव्यावर ठोकून पाह्यलं. आवाज पोकळ वाटला. आता शंका म्हणजे काय, एकदा डोक्यात शिरली की शिरली. गवंड्याला बोलावलं. तो म्हणला, "सर, बीम हाय, मीच टाकलाय." मी म्हणलं, "दाखव." त्यानं निम्मा दिवस छिन्नी चालवली आणि दारावरचा हातभर गिलावा पाडून मला सळई दाखवली. बायको पदर नाकाला लावून धुरळ्यात उभी होती. ती एवढंच म्हणली, "सूनबाई गाडीच्या दाराचं म्हणत असंल."

मी लक्ष दिलं न्हाई. सळईचा फोटो काढून सूनबाईला पाठवला आणि खाली लिहिलं, "हा घे बीम."

दोन मिनिटांत तिकडून फोटो आला. आमच्याच गाडीचा, मागच्या दिवाळीत काढलेला. गाडीच्या डाव्या दाराला लाल गोल केलेला होता.

आता हे गाडीचं प्रकरण सांगतो. गाडी माझ्यापेक्षा थोडीच लहान. मलईच्या रंगाची, गोल पाठीची, एका कापसाच्या जिनिंगवाल्याकडून मी घेतली त्याला एकतीस वर्षं झाली. हल्ली अशा गाड्यांना लोक क्लासिक म्हणतात, थांबवून फोटो काढतात. एकदा नवरा-नवरी तिच्यापुढं उभे राहून फोटो काढून गेले, ना ओळख ना देख. मला गाडीचा अभिमान आहे, कशाला लपवू? तिच्या बॉनेटवर बोट वाजवलं की ठण्ण आवाज येतो. आजकालच्या गाड्यांवर वाजवा, खोक्यावर वाजवल्यासारखं वाटतं.

आणि सूनबाई? तिची नोकरी म्हणजे गाड्या फोडायची. थट्टा न्हाई करत. पुण्याकडं एक जागा आहे, तिथं कोऱ्या करकरीत गाड्या भिंतीवर नेऊन आपटतात, बाजूनं ढकलगाडा आणून धडकवतात आणि आत बसवलेल्या बाहुल्यांचं काय झालं ते लिहून ठेवतात. त्याचा पगार मिळतो. आमच्याकडं असलं काम फुकटात करणारे शंभर जण निघतील, पण ते असो.

माझी इच्छा एवढीच होती: जानेवारीत हुरड्याला नात यायची होती, तिनं माझ्या गाडीत बसून माझ्यासंग जाफराबादकडच्या शेतावर यावं. पाच वर्षांची पोर. फोनवर रोज विचारायची, "आबा, तुमची म्हातारी गाडी चालते का?" मी म्हणायचो, "तुला बसवल्याबिगर ती मरत न्हाई." आणि तिची आई म्हणत होती, हुरड्याला येऊ, शेतावर येऊ, पण पोर त्या गाडीत बसणार न्हाई.

रात्री सूनबाईनं नीट फोन केला. आवाज न चढवता बोलती, ही तिची वाईट सवय. समोरच्याला ओरडायला जागाच ठेवत न्हाई.

"बाबा, समोरून धडक बसली तर मधे चार फूट बॉनेट असतं. मागून बसली तर डिकी असते. बाजूने बसली तर माणूस आणि ट्रक यांच्यामधे फक्त दार. एक वीत. म्हणून आता दाराच्या आत आडवा लोखंडी बीम घालतात, दाराशेजारचे खांब मजबूत करतात. तुमच्या गाडीच्या दारात काही नाही."

"अगं, ते जुनं लोखंड आहे! एकदा रिक्षा धडकली, रिक्षाचा चेंदामेंदा. माझ्या गाडीला खरचटलं बी न्हाई."

"तेच तर. धक्का कोणीतरी खायचाच असतो. गाडीने नाही खाल्ला तर आतला माणूस खातो. स्टीलच्या डब्यात अंडं ठेवून डबा आपटा बाबा. डब्याला काही होणार नाही."

"आपण अंडं खात न्हाई," मी म्हणलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवणात टोमॅटोची चटणी. टोमॅटो असे, की चिरलेत का चेचलेत कळंना. मी बायकोकडं पाह्यलं.

"डबा बिलकुल ठीक आहे," ती म्हणली. "पोचा बी न्हाई आला."

तीन वेळा माडीवरून टाकल्ता म्हणे. घरच्याच माणसानं असं करावं? मी चटणी संपवली. पण मनात पक्कं केलं: बीम न्हाई ना? मंग बीम टाकू. हे जालना आहे. इथं अर्ध्या महाराष्ट्राच्या घरांची सळई निघती, आणि माझ्या गाडीच्या दारात सळई नसावी? लाजिरवाणी गोष्ट आहे.

आधी आत काय आहे ते तरी पाहावं म्हणून मी डाव्या दाराचा आतला भाग उघडला. स्क्रू काढले, रेक्झिन लावलेला पुठ्ठा बाजूला केला. आत काच वर-खाली करायची कैची, मुंग्यांचं वारूळ म्हणता येईल एवढी माती, आणि बाकी खरंच काही न्हाई. बाहेरचा पत्रा, आतला पुठ्ठा, मधी हवा. तळाशी बायकोचे केसांचे तीन आकडे, बडीशेपेचे दाणे, एसटीचं पुसट तिकीट आणि एक सोन्याचं कानातलं.

कानातलं मी लगेच ओळखलं. बावीस वर्षांपूर्वी हरवल्तं ते. तिच्या आईनं दिलेलं. तेव्हा मी आठ दिवस तिला बोल बोल बोलल्तो: धांदरट आहे, डोकं ठिकाणावर न्हाई, वस्तूची किंमत न्हाई. सगळ्या पाहुण्यांत सांगितल्तं. आता कोणत्या तोंडानं द्यायचं? मी ते रुमालात बांधलं आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. योग्य वेळ आली की देऊ, असं ठरवलं.

मंग जुन्या जालन्यात एका वेल्डिंगवाल्या मामूकडं गेलो. मामू गेट, ग्रिल, शटर सगळं करतो, माझा जुना विद्यार्थी, पण वयानं माझ्याएवढाच दिसतो. त्याला म्हणलं, दारात बीम टाकायचाय.

त्यानं दारात हात घालून अंदाज घेतला. फार गंभीर माणूस. "सर, बीम बोले तो रिंगां आये. रिंगां आये तो काँक्रीट आया. मगर काँक्रीट भरे तो काच किधर जाएगी?"

यावर आम्ही चहा पीत बराच विचार केला. शेवटी काँक्रीट रद्द झालं, काच वाचली. रिंगाही रद्द झाल्या. सोळा एमएमच्या दोन सळया आडव्या टाकायच्या, दोन्ही टोकं दाराच्या चौकटीला वेल्डिंग करायची, असं ठरलं. मामू म्हणला, "सर, अब इसपे तीन मजले चढा लेव."

दार झालं. फक्त एक झालं की ते दार राह्यलं न्हाई. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तसं. वजनानं बिजागऱ्या खाली बसल्या. काच चार बोटं उतरायची आणि सळईवर टेकायची. दार उघडायचं तर एकानं बाहेरून गुडघ्यानं उचलायचं आणि दुसऱ्यानं आतून खांदा लावायचा. मंग बायकोनं ते दार सोडूनच दिलं. ती माझ्या बाजूनं चढायची, माझ्या सीटवरून सरकत सरकत डाव्या बाजूला जायची, तिथं तिची पाठीला लावायची उशी असायची, तिला टेकून बसायची. गेली कित्येक वर्षं ती उशी त्या सीटवरच राहती. तिच्या जुन्या लुगड्याची खोळ आहे तिला.

"साठीत मला कसरत शिकवून राह्यले," ती म्हणायची. बाकी तक्रार न्हाई.

मी दाराचा पुठ्ठा काढून आतला फोटो सूनबाईला पाठवला. लगेच फोन.

"बाबा, त्या सळईचं टोक कशाला धरलंय?"

"वेल्डिंगला."

"आणि वेल्डिंग कशाला धरलंय?"

"चौकटीच्या पत्र्याला."

"आणि तो पत्रा?"

असे प्रश्न मी पोरांना विचारायचो, एकामागं एक, पोरगं रडकुंडीला येईपर्यंत. मी म्हणलं, "रेंज गेली," आणि फोन बंद केला. रेंज चांगली होती.

शनिवारी पुण्याची मंडळी येणार होती. गुरुवारी मी ठरवलं, जालना ते जाफराबाद गाडी चालवून आणायची, वाटेत व्हिडिओ काढायचा आणि सूनबाईच्या तोंडावर मारायचा. बायकोला घेतलं. गाडी काय चालली! भोकरदनपर्यंत एक खोकला न्हाई. बायको तिच्या उशीला टेकून, कोपर दाराच्या काठावर ठेवून बाहेर बघत होती. एकतीस वर्षं तशीच बसती.

जाफराबादला बाजार होता. हुरड्याच्या चटणीला मिरच्या आणि शेंगदाणे घ्यायचे म्हणून मी रस्त्याच्या उजव्या कडेला गाडी लावली, डावं दार रस्त्याकडं. आधी मी उतरलो, मंग ती सरकत, कण्हत, माझ्या नावानं काहीतरी पुटपुटत माझ्या बाजूनं उतरली आणि भाजीकडं गेली.

तेवढ्यात रस्ता तुंबला. कापसानं भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर आडवा झाल्ता, पुढं जीप, मागं एसटी, आणि जो तो हॉर्न वाजवून राह्यला. ट्रॅक्टरवाल्याला मागं घ्यायचं होतं, पण कापसामुळं मागचं काही दिसत नव्हतं. आता मी मास्तर माणूस. बेशिस्त पाह्यली की मला राहवत न्हाई. मी रस्त्यात उभा राह्यलो, दोन्ही हात वर केले आणि वर्गात लावायचो तो आवाज लावला.

"येऊ द्या! येऊ द्या! अजून येऊ द्या!"

माझं सगळं ध्यान एसटीवर होतं, तिला ट्रॉली लागू नये म्हणून. "बिनधास्त येऊ द्या!" मी म्हणलं. ट्रॅक्टरवाला बिचारा माझ्या भरवशावर आला. आणि ट्रॉलीचा मागचा लोखंडी कोपरा माणसाच्या चालीनं, बिलकुल सावकाश, माझ्याच गाडीच्या डाव्या दारात शिरला.

लोक हसले. एक जण म्हणला, "सरांनी स्वतःच मापात घेतली." मला राग यायला पाह्यजे होता, पण मी दाराकडं पाह्यलं आणि छाती फुगली. दार थोडं आत गेल्तं, वीतभर बी न्हाई. एवढी भरलेली ट्रॉली, आणि एवढंच!

"पाह्यलं का?" मी गर्दीला म्हणलं. "आत बीम आहे! सोळा एमएमचा!"

"गाडीत सळई?" चहावाला म्हणला. "बांधकाम चालू हाय का सर?"

मी त्याच तोऱ्यात फिरून माझ्या बाजूला आलो, आतून कसं दिसतं ते पाहावं, व्हिडिओ काढावा म्हणून. दार उघडलं आणि वाकलो.

दोन्ही सळया एका टोकाला वेल्डिंगवरून निसटल्या होत्या. पत्रा सोबत घेऊन निसटल्या होत्या. पुठ्ठा फाडून त्या आत आल्त्या, तिरक्या, आणि त्यातली एक सीटवरच्या उशीतून आरपार गेल्ती. लुगड्याची खोळ, आतला कापूस, सगळ्यातून. पलीकडून सळईचं टोक दिसत होतं, त्याला कापूस लागलेला.

मागं माणसं बोलून राह्यली होती, ट्रॅक्टरवाला माफी मागून राह्यला होता, मी तसाच वाकलेला. बायको पिशवी घेऊन आली. माझ्या काखेतून तिनं आत पाह्यलं. उशी ओढली, ती निघंना.

ती ओरडली न्हाई. पिशवी खाली ठेवली आणि म्हणली, "नात बसणार म्हणून सळई टाकली. एकतीस वर्षं मी बसले, तेव्हा पुठ्ठा होता. तेव्हा न्हाई कोणाला बीम आठवला."

मला लाज वाटली. आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली असंल, तेवढी त्या रस्त्यावर वाटली.

सूनबाईला फोन लावला. म्हणलं, "बीम आत आला." तिनं पहिला प्रश्न हाच विचारला:

"आई कुठे होत्या?"

"मिरच्या घेत होती," मी म्हणलं. "तुझं बराबर होतं, बाई." हे वाक्य मी कोणत्याच इन्स्पेक्टरला, हेडमास्तरला, बायकोला आजवर म्हणलो नव्हतो. ती म्हणाली, "सावकाश घरी या."

सळया बाजूला वाकवून, दार गवंडीकामाच्या तारेनं बांधून आम्ही परत आलो. बायको पूर्ण रस्ता मागच्या सीटवर, मधोमध बसल्ती. मामूनं दुसऱ्या दिवशी दोन्ही सळया कापून काढल्या, गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणला, "सर, मैं ग्रिलवाला आदमी, आपने मेरेकू बोलना नहीं था." आता त्या सळयांवर दोडक्याचा वेल चढवलाय. वेलासाठी फार मजबूत आहेत.

शनिवारी सगळे आले. हुरड्याला सूनबाईच्याच गाडीनं गेलो, नात तिच्या पट्ट्याच्या खुर्चीत, मी बी पट्टा बांधून. कोवळी कणसं भाजली, हात काळे झाले, मजा आली. पण माझी गाडी अंगणात उभी होती आणि नातीच्या डोक्यातून ती जात नव्हती. घरी आल्यावर ती आईच्या मागं लागली. सूनबाईनं चावी मागितली, मी दिली. तिनं ती स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "जा, आता खुशाल बस आबांच्या गाडीत."

अशी माझी इच्छा पुरी झाली. नात स्टिअरिंगला धरून बसली, तोंडानं घुर्र घुर्र करत. "आबा, तुम्ही तिकडे बसा," तिनं हुकूम सोडला. डावं दार तारेनं बांधलेलं, म्हणून मी सरकत सरकत, कण्हत, पलीकडं गेलो.

एकतीस वर्षांत त्या सीटवर मी पहिल्यांदाच बसलो. गाडी कायम मीच चालवलेली, मंग कशाला बसणार? सीट तिच्या बसण्यानं एका बाजूला दबलेली आहे. दाराच्या काठावर कोपर ठेवून ठेवून रेक्झिन झिजलंय. मी उगाच हात लावून पाह्यला: माझ्या बरगडीपासून दाराच्या पत्र्यापर्यंत एक वीत बरोबर. मी ओव्हरटेक करताना तिला एसटी घासून जायची, ट्रक घासून जायचे, ती म्हणायची, "अहो, जरा हळू, या बाजूनं मी आहे," आणि मी म्हणायचो, "तुला काय कळतं गाडीतलं?"

बायको चहा घेऊन आली आणि माझ्या खिडकीशी उभी राह्यली. मी काच पाडली, तिनं कप आत दिला. मी कप घेतला, आणि मंग खिशातला रुमाल काढून सोडला. कानातलं तिच्या हातावर ठेवलं.

"दारात सापडलं," मी म्हणलं. "तुला उगाच बोललो तेव्हा."

तिनं ते उन्हात धरून पाह्यलं, पदरानं पुसलं.

"मी तेव्हाच म्हणलं होतं तुम्हाला," ती म्हणली. "म्हणलं, काचेच्या फटीतून दारात पडलंय, दार उघडून बघा. आठवतंय का काय म्हणलात?"

मला आठवलं. मी म्हणलो होतो, "दारात काय असतंय? दारात काहीच नसतं."